प्रवरेच्या काठची पहिली गावे

रतनगडाच्या कुशीत उगम पावलेली प्रवरा टोक्याजवळ गोदावरीला मिळते, तोवर ती जेमतेम २०० किलोमीटर वाहिलेली असते. एवढ्याशा वाटेत तिचा मुलूख मात्र पार बदलतो. घाटमाथ्यावर वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. संगमनेर मागे टाकले की तो ५००च्या आसपास येतो, आणि त्याचाही भरवसा नसतो. श्रीरामपूर, राहाता, लोणी या भागात आज रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस दिसतो तो १९२६ साली पुऱ्या झालेल्या भंडारदऱ्याच्या धरणामुळे आणि ओझरच्या बंधाऱ्यावरून निघालेल्या कालव्यांमुळे. कालवे नव्हते तेव्हा हा सगळा कोरडवाहू प्रदेश होता. एक वर्ष पिकायचे, दोन वर्षे आभाळाकडे डोळे लावून जायची.

आणि नेमक्या याच पट्ट्यात, साडेतीन हजार वर्षांपूर्वी, महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या शेतकरी गावांपैकी काही गावे नांदत होती. जोर्वे, दायमाबाद आणि नेवासे ही तीन नावे पुरातत्त्वाच्या पुस्तकांत कायमची बसली आहेत. तिन्ही प्रवरेच्या काठावर आहेत. माणसाने वस्तीसाठी ही नदी का निवडली, गावे कुठे ठेवली, किती मोठी होऊ दिली आणि शेवटी का सोडली, हे विचारायला सोपे वाटणारे प्रश्न आहेत. त्यांच्या उत्तरांसाठी डेक्कन कॉलेजच्या आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अभ्यासकांच्या दोन पिढ्या खर्ची पडल्या.

नदीकाठच्या गावाशेजारी एखादे राखट, पांढुरके टेकाड असते. गावकरी त्याला पांढरी म्हणतात. कुडाच्या भिंती पडल्या, चुलींची राख साठली, शेणामातीच्या जमिनी पुन्हा पुन्हा सारवल्या गेल्या, जनावरांची हाडे आणि फुटकी गाडगी त्यात मिसळली, आणि शेकडो वर्षांत त्याचा हा ढीग झाला. अशी माती खताला चांगली. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांनी ती गाड्या भरभरून शेतात टाकली, आणि कितीतरी टेकाडे अर्धीमुर्धी उरली. हा नाश खराच. पण खत उपसताना वर आलेल्या रंगीत खापरांनीच अभ्यासकांना अनेक जागा दाखवून दिल्या, हेही तितकेच खरे.

संगमनेरच्या पूर्वेला जोर्वे हे असेच एक गाव. तिथे तांब्याच्या सपाट कुऱ्हाडी आणि एक बांगडी सापडली होती. १९५०-५१ मध्ये हसमुख धीरजलाल सांकळिया आणि शां. भा. देव यांनी नाशिकला मातीच्या गढीवर उत्खनन केले आणि त्याच मोहिमेत जोर्व्याचेही टेकाड तपासले. टेकाड लहान, थर फारसे जाड नाहीत. हाती आली ती भांडी मात्र वेगळीच होती. पक्की भाजलेली, नारिंगी-तांबड्या रंगाची, वर काळ्या रेघांची भौमितिक नक्षी, आणि बोटाने टिचकी मारली तर धातूसारखी खणखणणारी. लांब तोटीचा चंबू आणि मधे धार असलेला वाडगा हे दोन आकार तर लाखांत ओळखू यावेत असे. पुढे महाराष्ट्रात जिथे जिथे हे खापर सापडले तिथल्या लोकांना ‘जोर्वे संस्कृती’चे म्हटले गेले. एका छोट्या खेड्याच्या नावाने दोनशेहून अधिक वस्त्यांचा काळ ओळखला जाऊ लागला. साधारण इ.स.पू. १४०० ते १००० हा तो काळ.

पण प्रवरेच्या खोऱ्यातला माणूस जोर्व्याच्या कुंभाराने सुरू होत नाही.

नेवाशाजवळ नदीचे काठ उंच आहेत. पुराने कापलेल्या या दरडींमध्ये खालपासून वरपर्यंत गोटे, वाळू, पिवळसर माती यांचे थर स्वच्छ वाचता येतात. सांकळियांनी १९५४ मध्ये इथे काम सुरू केले तेव्हा एकाच गावात त्यांना दगडी हातकुऱ्हाडींपासून मुसलमानी अमलापर्यंतचा माणूस सापडत गेला. १९६० साली निघालेल्या अहवालाला त्यांनी नाव दिले तेच मुळी इतिहासाकडून प्रागितिहासाकडे नेणारे. उत्खनन वरून खाली जाते, काळ खालून वर येतो, आणि नेवाशात या दोन्ही वाटा सलग चालता येत होत्या. इथल्या दगडगोट्यांच्या वरच्या थरांत सापडलेल्या गारगोटीच्या आणि तत्सम दगडांच्या छोट्या हत्यारांवरून सांकळियांनी मध्य पुराश्मयुगातल्या एका हत्यारपरंपरेलाच नेवाशाचे नाव दिले.

त्याहून जुने ठिकाण म्हणजे नेवाशाजवळचा चिरकी नाला. जर्मन संशोधक गुड्रुन कॉर्विनस यांनी १९६०च्या दशकात तिथे उत्खनन केले. नाला जिथे प्रवरेला मिळतो त्या खडकाळ भागावर हातकुऱ्हाडी आणि फरश्या, त्या घडवताना उडालेल्या छिलक्यांसह, एका जागी पडलेल्या होत्या. ही हत्यारे साडेतीन लाख वर्षांपेक्षाही जुनी असल्याचे पुढे युरेनियम-थोरियमच्या कालमापनातून निघाले. त्या माणसाला घर नव्हते, शेत नव्हते. तरी त्याने निवडलेली जागा विचार करायला लावते. लहान ओढा मोठ्या नदीला मिळतो ती जागा, वर उघडा खडक, खाली पाण्यावर येणारी जनावरे, आणि हत्याराला लागणारा काळा दगड पायाशीच. नदी आणि ओढ्याच्या सांध्यावर थांबण्याची ही सवय या खोऱ्यात पुढे लाखो वर्षे दिसत राहते. कारणे बदलतात, सांधा बदलत नाही.

मधला फार मोठा काळ इथे झटकन ओलांडावा लागतो. शेती करणारी, घरे बांधणारी माणसे प्रवरेकाठी आली ती इ.स.पू. २२००च्या सुमारास, आणि ती उतरली दायमाबादला.

दायमाबाद आज ओसाड आहे. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या डाव्या काठावर हे बेचिराख गाव आहे. भा. पु. बोपर्डीकरांनी १९५८ मध्ये ते प्रथम हेरले, त्याच हंगामात म. न. देशपांडे यांनी तिथे खणायला सुरुवात केली. १९७४ मध्ये एस. आर. राव आले. १९७५ ते १९७९ अशी सलग वर्षे एस. ए. साळी यांनी तिथे काम केले आणि एकावर एक रचलेल्या पाच संस्कृतींचा क्रम लावला. सर्वांत खाली तापीच्या खोऱ्यात रुजलेली सावळदा संस्कृती. त्यावर उत्तर हडप्पाकालीन थर. मग साळींनी दायमाबाद संस्कृती म्हटलेला टप्पा, नंतर नर्मदेकडून आलेली माळवा संस्कृती, आणि सर्वांत वर जोर्वे. सावळद्यापासून जोर्व्याच्या शेवटापर्यंत बाराशे वर्षे होतात. तापीकाठचे शेतकरी, सिंधच्या परंपरेतले लोक आणि माळव्यातले लोक, सगळ्यांच्या खुणा एका टेकाडात आहेत.

उत्तर हडप्पा थराचे महत्त्व मोठे आहे. त्यात सिंधू लिपीची अक्षरे असलेल्या दोन गोल मुद्रा मिळाल्या, काही खापरांवरही अक्षरे दिसली. एका मृताला कच्च्या विटांनी बांधलेल्या खड्ड्यात उताणे निजवले होते आणि त्या विटांचे माप हडप्पाच्या ठरलेल्या ४:२:१ या प्रमाणातले होते. लांबी रुंदीच्या दुप्पट, रुंदी जाडीच्या दुप्पट. सिंधूच्या खोऱ्यातली शहरे ओस पडत असताना तिथली वीट पाडण्याची रीत गोदावरीच्या उपनदीवर एका थडग्यात वापरली जात होती. दक्षिणेकडे हडप्पाची खूण याहून खाली फारशी जात नाही.

दायमाबादचे नाव सर्वदूर गेले ते मात्र १९७४ मधल्या एका योगायोगाने. झाडाच्या बुंध्याशी खणताना एका स्थानिक भिल्ल माणसाला चार ब्राँझच्या प्रतिमा सापडल्या. दोन बैल जोडलेला रथ, त्यात उभा सारथी आणि बैलांमधल्या दांडीवर उभा असलेला कुत्रा. चाकांच्या पाटावर उभी म्हैस, तसाच हत्ती आणि गेंडा. चारींचे मिळून वजन ६० किलोहून अधिक. चाके भरीव, जनावरांची ठेवण इतकी जाणती की घडवणाऱ्याने ती जवळून पाहिली होती यात शंका राहत नाही. या प्रतिमा कुठल्या काळच्या यावर मात्र अजून एकमत नाही. त्या उत्खननात थरातून निघालेल्या नाहीत. साळींनी त्या जागेजवळ खणून त्या उत्तर हडप्पा थराशी जोडल्या, म. के. ढवळीकर यांनीही तेच मत मांडले, तर डी. पी. अगरवाल यांनी धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून शंका घेतली. एवढे तांबे एका गावात ओतले गेले, हीच गोष्ट वस्तीच्या अभ्यासासाठी मोलाची आहे. प्रवरेच्या बेसॉल्टमध्ये तांबे नाही. ते फार दुरून, बहुधा राजस्थानाकडून यावे लागे. ज्या गावाकडे इतका धातू पोहोचतो ते आजूबाजूच्या खेड्यांसारखे असू शकत नाही.

आणि ते नव्हतेच. जोर्वे काळात दायमाबादचा पसारा सुमारे २० हेक्टर झाला. त्याच वेळी खोऱ्यातली बहुसंख्य टेकाडे एक-दोन हेक्टरची, म्हणजे आजच्या एखाद्या वाडीएवढी. ही तफावत ढवळीकरांनी महाराष्ट्रभर पाहिली आणि त्यातून एक नकाशा उभा केला. तापीच्या खोऱ्यात गोमाईच्या संगमावरचे प्रकाशे, प्रवरा-गोदावरीत दायमाबाद, भीमेच्या खोऱ्यात घोड नदीवरचे इनामगाव ही तीन मोठी केंद्रे. त्यांच्या भोवती मध्यम गावे. त्यांच्याही भोवती लहान खेडी, आणि शेवटी शेतावरच्या एकट्या वस्त्या. शेवटच्या प्रकारासाठी ते भीमा आणि मुळा-मुठेच्या संगमावरच्या वाळकीचे उदाहरण देत. नदीचे खोरे वाचायचे तर एकट्या मोठ्या टेकाडाकडे बघून भागत नाही, हा ढवळीकरांचा आग्रह होता. दायमाबादची भव्यता कळते ती त्याच्याभोवतीच्या किरकोळ पांढऱ्या मोजल्यावर.

नकाशा नीट पाहिला की आणखी एक गोष्ट दिसते. गावे नद्यांना चिकटून आहेत. पाणलोटाच्या उंचवट्यांवर, जिथे काळी माती खूप खोल आहे, तिथे त्या मानाने ओसाडी आहे. लोखंडाच्या फाळाशिवाय ती चिकट, भेगाळणारी जमीन फोडता येत नव्हती, असे एक मत आहे. ते सगळ्यांना मान्य नाही. लाकडी नांगरानेही ओल असताना काळी जमीन उलथता येते. पण पिकांकडे पाहिले तर नदीकाठाचे गणित जास्त स्पष्ट होते. इनामगावच्या राखेतून मोहन काजळे यांनी वेचलेल्या जळक्या दाण्यांत सातू मुख्य आहे, सोबत गहू, मसूर, वाटाणा, लाख, हुलगा आहेत. सातू, गहू, मसूर, वाटाणा ही रब्बीची पिके. पाऊस संपल्यावर जमिनीत मुरलेल्या ओलीवर ती येतात. अशी ओल धरून ठेवणारी गाळाची माती मिळते ती नदीकाठीच. पाऊस थोडा आणि लहरी असताना पिकाची ओल कुठे जास्त दिवस टिकते, यावरून घर बांधायची जागा ठरत असावी.

काठ मात्र उंच हवा. तांबे आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या या लोकांची, म्हणजे ताम्रपाषाण काळातली, गावे बहुधा जुन्या गाळाच्या कड्यांवर आहेत, पुराच्या पाण्याच्या वर. पाणी एका उतारावर हाताशी, पण घरात शिरणार नाही. पाठीमागे माळ म्हणजे गुरांची चराई. ओढ्यात गारगोटी, अकीक, कॅल्सेडनीचे खडे, ज्यांपासून हे लोक दाबतंत्राने लांब, समांतर धारेची पाती काढत. विळ्याला, सुरीला, खरवडायला तीच पाती. तांबे होते पण महाग. रोजचे काम दगडच करत होता. पाणी, माती, चारा आणि दगड या चार गोष्टी एका हाकेच्या अंतरात मिळतील तिथे गाव.

घरे कशी होती हे कळायला प्रवरेकाठून थोडे दक्षिणेला, इनामगावला जावे लागते. जोर्वे संस्कृतीचे गाव एवढ्या मोठ्या प्रमाणावर दुसरीकडे कुठेच उघडले गेलेले नाही. १९६८ ते १९८३ या काळात सांकळिया, ढवळीकर आणि अन्सारी यांनी इथे शंभराहून अधिक घरे उकलली. साधारण पाच मीटर लांब, तीन मीटर रुंद अशी चौकोनी घरे. बुटक्या मातीच्या भिंती, वर कूड, त्यावर शेणामातीचा गिलावा, गवताने शाकारलेले छप्पर. सारवलेली जमीन, चूल, चार सपाट दगडांवर ठेवलेला रांजण, कणगी ठेवायला मातीचा गोल ओटा, आणि धान्यासाठी चुन्याने लिंपलेले पेव. दोन घरांमध्ये बोळ. ही घरे वाचताना अभ्यासकांना नगर-पुण्याच्या खेड्यांतली घरे फारशी वेगळी वाटली नाहीत, आणि म्हणूनच रांजण कशावर ठेवला होता हे त्यांना विचारावे लागले नाही.

गावाची मांडणीही होती. कुंभार, सोनार, चुना भाजणारा, मणी करणारा हे पश्चिमेच्या कडेला. मधोमध पाच खोल्यांचे एक मोठे घर आणि त्याच्या शेजारी मोठे धान्यकोठार. शिवाय नदीचे पाणी वळवण्यासाठी दगड-मातीचा सुमारे २४० मीटर लांबीचा बांध, आणि त्याला जोडून चार मीटर रुंद, साडेतीन मीटर खोल चर. ढवळीकरांनी या सगळ्याचा एकत्रित अर्थ लावला तो असा. धान्य एका जागी जमा होते, पाणी वाटून द्यावे लागते, त्या दोन्हीवर कुणाचा तरी हात आहे. म्हणजे गावाला प्रमुख होता आणि अशा प्रमुखांची श्रेणी होती. त्या पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांचा, स्त्रीच्या उदरासारखा फुगीर, कच्च्या मातीचा रांजण सापडला, आणि त्यात साधारण चाळिशीचा एक पुरुष बसवून पुरलेला होता. इनामगावचे इतर प्रौढ घरात खड्डा करून पुरले जात, आणि त्यांचे पाय घोट्याच्या वर तोडलेले असत. या माणसाचे पाय शाबूत होते.

मुलांची दफने वेगळी, आणि ती वाचताना मन हलते. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, आत मूल, आणि ती घराच्या जमिनीखालीच पुरायची. नेवाशातही हेच. एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांब्याच्या गंजाने माळेचा दोरा टिकवला, आणि त्याच्या तपासणीत कापूस व रेशीम या दोन्हींचे तंतू आढळल्याची नोंद झाली. प्रवरेकाठच्या एका कुडाच्या घरातल्या आईबापांनी आपल्या लेकराला जे दिले ते त्यांच्यापाशी असलेले सर्वांत मोलाचे असणार.

ढवळीकरांचा नकाशा आणि प्रमुखाची कल्पना अनेक वर्षे पाठ्यपुस्तकांत निर्विवाद राहिली. १९९९ मध्ये शीना पांजा यांनी इनामगावचाच पुरावा घेऊन वेगळा प्रश्न टाकला. हे लोक खरोखर बारा महिने, पिढ्यान्‌पिढ्या एका जागी राहत होते का? घरांची पडझड, पुन्हा बांधणी, वस्तूंचे विखुरणे यांतून त्यांना हंगामानुसार हलणारा समाज दिसला. मग एक मोठे गाव आणि चार छोट्या वस्त्या यांचा अर्थ बदलतो. ती पाच वेगळी गावे नसून एकाच लोकांचे वर्षभरातले पाच मुक्काम असू शकतात. या पठारावर हे अशक्य मुळीच नाही. दख्खनचे धनगर आजही दिवाळी झाली की मेंढरे घेऊन कोकणाच्या बाजूला उतरतात आणि पावसाच्या तोंडावर माळावर परततात. तरीही इनामगावचा बांध, कोठार आणि भट्ट्या पाहता तिथे निदान काही कुटुंबे कायमची राहत होती, असेच वाटते. दोन्ही बाजूंच्या मांडण्या एकमेकींना खोडत नाहीत. शेतकरी आणि मेंढपाळ ही आपण आज मानतो तितकी वेगळी माणसे तेव्हा नसावीत.

इ.स.पू. १०००च्या सुमारास प्रवरा-गोदावरीच्या खोऱ्यातली टेकाडे गप्प होतात. दायमाबाद संपते. जोर्वे, नेवासे, गोदावरीवरचे आपेगाव या जागी ताम्रपाषाण घरांवर लगेच दुसरा थर चढत नाही. तापीच्या खोऱ्यातही तेच. भीमेच्या खोऱ्यात मात्र इनामगाव आणखी सुमारे तीनशे वर्षे टिकते, पण ते पूर्वीचे इनामगाव राहत नाही. चौकोनी घरांच्या जागी गोल, छोट्या झोपड्या येतात, तीन-तीनच्या घोळक्याने. भांडी जाडीभरडी होतात. सातू-गव्हाचे दाणे घटतात, हरणांची हाडे वाढतात. दातांची तपासणी करणारे जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांना नंतरच्या लोकांच्या दातांत कीड कमी आढळली, म्हणजे पिठूळ धान्याचा आहार घटला होता.

ढवळीकरांनी याचे कारण हवामानात शोधले. पाऊस घटला, उत्तर दख्खन उजाड झाले, लोक दक्षिणेला सरकले, आणि शेतीकडून पशुपालन-शिकारीकडे वळले, असे त्यांचे म्हणणे. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी नेवासे, दायमाबाद आणि इनामगावच्या मुलांची हाडे पुन्हा तपासून २०११ मध्ये जे पुस्तक काढले त्याने हे चित्र सरळ राहू दिले नाही. इनामगावच्या शेवटच्या टप्प्यातल्या बाळांची वाढ खुंटलेली, हाडे वयाच्या मानाने लहान. शुग यांच्या मते इथले हवामान इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकात सगळेच कोरडे आणि लहरी होते, ते एकाएकी बिघडले नाही. माणसांची संख्या वाढली, जमिनीवर ताण आला, आणि त्या ताणाचा पहिला बळी दुधावरची मुले ठरली. पोट भरण्यासाठी लोकांनी नवे मार्ग काढले, पण ते मार्ग पुरेसे नव्हते. नगरच्या कोरडवाहू पट्ट्यात राहिलेल्या कुणालाही ही मांडणी परकी वाटणार नाही. दुष्काळ एका वर्षाचा असतो. माणसे गाव सोडतात ती अनेक वर्षांच्या ओढाताणीनंतर.

नदीकाठच्या मातीचे थर वाचणारे स. न. राजगुरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलेली एक बाजूही लक्षात ठेवावी लागते. प्रवरेसारख्या दख्खनच्या नद्या कधी गाळ भरतात, कधी आपलेच पात्र खोल कापत जातात. पात्र खोल गेले की काठची ओल लवकर ओसरते आणि बांध घालून पाणी वळवणे कठीण होते. हवामान, लोकसंख्या आणि नदी यांपैकी एकाच कारणाला सगळा दोष देता येत नाही, आणि देण्याची गरजही नाही.

नेवाशाची पांढरी शेकडो वर्षे रिकामी राहिली. तिच्यावर पुन्हा घरे चढली ती इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या शतकांत, सातवाहनांच्या काळात. या थरात लोखंडाची अवजारे आहेत, मातीच्या कड्या एकावर एक बसवलेले शोषखड्डे आहेत, शिशाची व तांब्याची नाणी आहेत आणि भूमध्य समुद्राकडून मद्य घेऊन आलेल्या दोन कानांच्या उंच रांजणांची खापरेही आहेत. जागा तीच, प्रवरेचा तोच उंच काठ. या वेळी गावाने तो काठ निवडला तो निव्वळ रब्बीच्या ओलीसाठी नव्हे. पैठण ही राजधानी गोदावरीवर खालच्या अंगाला एक-दोन दिवसांच्या वाटेवर होती, आणि पैठणहून घाटांकडे जाणारा माल नदी ओलांडून याच बाजूने जात असे. तेराव्या शतकात याच गावात ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ज्ञानेश्वरांच्या कुळाचे मूळ गाव मानले जाणारे आपेगावही गोदेकाठची ताम्रपाषाण वस्तीच आहे. १९७०च्या दशकात शां. भा. देव यांनी तिथे केलेल्या उत्खननात ती उघडी झाली.